सिग्रिडला द्यायचं राहिलेलं उत्तर

सिग्रिड,

आज रविवार. तुला आज उत्तर द्यायचं कबूल केलं होतं मी, आणि तू शुक्रवारी सकाळीच निघून गेलीस. तुझी सवयच ती. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत कोट चढवून, बूट घालून दारात उभी राहायचीस, "कीप टॉकिंग, मी ऐकतेय" म्हणत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझी मरतानाही गेली नाही.

मंगळवारी दुपारी मी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. विनिपेगच्या मार्चमधला तो मळका, चिवट बर्फ खिडकीतून दिसत होता. तू इकडचं तिकडचं काहीच बोलली नाहीस. सरळ विचारलंस, "सुनंदा, तुझे बाबा गेले तेव्हा तू मला म्हणालीस, ते आता कुठेच नाहीत. आय नेव्हर फरगॉट दॅट. मी गेल्यावर माझ्याबद्दलही हेच म्हणशील?"

माझ्या हातात तुझ्या पाण्याचा ग्लास होता. तो मी नीट टेबलावर ठेवला, त्यातला स्ट्रॉ सरळ केला आणि म्हणाले, "रूल इज रूल. उत्तर पुढच्या रविवारी."

तू इतकी हसलीस की तुला खोकला लागला आणि नर्स धावत आली. हसली होतीस तू, बोलणी मात्र मी खाल्ली. निघताना माझा हात दाबून तू म्हणालीस, "सी यू संडे, देन."

तर मी आत्ता चर्चमधून घरी आले आहे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे. तुला 'जयभीम', 'चहा' आणि 'बस झालं' एवढंच मराठी यायचं, आणि तेवढ्या भांडवलावर तू आमच्या घरी इतकी वर्षं वावरलीस. इंग्रजीत मी तुझ्याशी पुष्कळ भांडले. पण इंग्रजीत मी दिवसभर लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट लिहिते, तिथे माझं मन फारसं लागत नाही.

तो नियम तुझाच. प्रवचन झालं की पंधरा मिनिटं टॉकबॅक. हॉलच्या मधोमध एक मायक्रोफोन ठेवायचा, आणि ज्याला तुझं म्हणणं पटलं नसेल त्याने उठून तिथे तसं सांगायचं. तू समोर खुर्चीत बसून ऐकायचीस. लगेच उत्तर द्यायची तुला बंदी, आणि ती तूच स्वतःला घालून घेतलेली. उत्तर पुढच्या रविवारी, आठवडाभर विचार करून. पुजाऱ्याला उलट बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो अशी जागा मी जन्मात पाहिली नव्हती. मी तुला कारण विचारलं, तर तू म्हणालीस, "माझ्याकडे पल्पिट आहे, माइक आहे, आवाजही मोठा आहे. लगेच उत्तर दिलं तर मीच जिंकणार. व्हॉट्स द फन?"

आईला नागपूरला फोनवर तुझ्याबद्दल समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली होती. चर्च आहे, पण क्रॉस नाही. देव मानणारे येतात, न मानणारेही येतात आणि ज्यांचं अजून ठरत नाही असे तर फारच येतात. आणि तिथल्या मिनिस्टर बाईंकडे, म्हणजे तुझ्याकडे, आम्ही काल जेवायला गेलो होतो. आईने सगळ्यातलं शेवटचंच ऐकलं. म्हणाली, "मिनिस्टरकडे जेवली? मग सुजाताच्या ॲडमिशनचं बोलून घ्यायचं ना वं!" कॉलिंग कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत मी हसत होते. तुला सांगितलं तेव्हा तूही हसलीस आणि पुढे कित्येक महिने माझी लेक दिसली की तिला विचारायचीस, कुठल्या खात्याची ॲडमिशन हवी आहे म्हणून.

आपली भेट झाली ती एका हॉलपायी. विनिपेगमध्ये तेव्हा आम्ही महाराष्ट्रातले बौद्ध मूठभर. एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती करायची होती आणि जागा मिळत नव्हती. कम्युनिटी सेंटर हॉकीच्या पोरांनी अडवलेलं. मंदिराचा हॉल मिळत होता, पण तिथे जयंती करायला कुणाचं मन घेईना. माझे मिस्टर, अशोक, रोज ऑफिसातून आले की यलो पेजेस घेऊन बसायचे. कुणी विचारलं, किती लोक, कुणी विचारलं, इन्शुरन्स आहे का, कुणी विचारलं, हा तुमचा सेंट आहे का. तू एकटीने विचारलंस, "तुमच्यात कुणाला जिने चढायला त्रास होतो का?" अशोक फोन ठेवून म्हणाले, "इथंच करू. बाई माणसात आहे."

आणि मग जयंतीच्या दिवशी आम्ही पातेली, स्पीकर, निळे झेंडे घेऊन तुझ्या चर्चच्या बेसमेंटमध्ये उतरलो, तर तू आमच्या आधीच टेबल मांडून ठेवलेलं. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ. त्यावर गार्डन सेंटरमधून आणलेला तो पोट सुटलेला हसरा बुद्ध. आणि त्याच्या शेजारी, फुलांच्या मधोमध, हातभर उंचीचा गणपती, पुढे अगरबत्ती. तू बाजूला उभी, एखाद्या मुलीने पहिल्यांदा पोळी लाटून आईला दाखवावी तसा चेहरा करून.

आमच्यातले थोरले रामटेके काका, हातात हार, तिथेच थबकले. "हे कोनं ठेवलं?" ते एवढंच म्हणाले.

मी पुढे झाले. गणपती उचलला आणि तुझ्या हातात दिला. "प्लीज. नॉट धिस."

"बट व्हाय? माझ्या डेंटिस्टला विचारून आणलाय मी. तो म्हणाला, इंडियन लोकांची सुरुवात याच्यापासून होते."

मी तुला जिन्यात नेलं. तिथे, पायरीवर बसून, तुझ्या मांडीवर तो गणपती असताना, मी तुला सांगितलं की आमच्यात सुरुवात याला नाही म्हणण्यापासून होते. माझे बाबा विशीत असताना त्यांनी दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरी येऊन देव्हाऱ्यातले सगळे देव काढले. त्यांच्या आईने वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. ज्या देवांच्या दारात आमच्या सावलीलाही जागा नव्हती, त्यांच्यासाठी घरात जागा ठेवायची नाही, एवढाच त्यांचा हिशेब. ते रिकामं फडताळ त्यांनी कधी भरलं नाही. त्यात पुढे आमची पुस्तकं आली.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "पण सुनंदा, आमच्या दारावरच लिहिलंय, ऑल आर वेलकम."

"ऑल पीपल आर वेलकम," मी म्हणाले. "ऑल गॉड्स नाही."

तू उठलीस, गणपती वर तुझ्या ऑफिसात नेऊन ठेवलास आणि खाली येऊन मागच्या रांगेत बसलीस. आमची भाषणं तर तुला ठाऊक आहेत. एकाने माइक धरला की दुसऱ्याला तो हिसकावून घ्यावा लागतो. एक अक्षर न कळता तू शेवटपर्यंत बसलीस, भात-वरण दोनदा घेतलंस आणि नंतर बाह्या वर करून पातेली घासायला लागलीस. रामटेके काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाईचं चुकलं खरं. पन मनात काई नाई तिच्या." त्यानंतर तुझ्या बेसमेंटशिवाय आमची जयंती कधी दुसरीकडे झाली नाही.

मला वाटलं होतं, विषय संपला. लगेच आलेल्या रविवारी तू मला बोलावलंस आणि पल्पिटवरून सगळ्यांसमोर सांगितलंस की मी पाहुण्यांसाठी पान वाढलं आणि कोण जेवायला येणार आहे तेच विचारलं नाही. इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणालीस, तरीही माझा विश्वास आहे की शेवटी सगळे प्रवाह एकाच ठिकाणी मिळतात. आणि बाहेर हात दाखवून म्हणालीस, आपल्या गावातच बघा, फोर्क्सला दोन नद्या कशा एक होतात.

टॉकबॅकची वेळ झाली. मी माइकपाशी गेले. मी विचारलं, "असिनिबॉइन येऊन रेडला मिळते. त्याच्यापुढे नदीचं नाव काय?"

कुणीतरी हसत म्हणालं, "रेड."

"मग असिनिबॉइनचं काय झालं?" एवढं विचारून मी खाली बसले. तुझे डोळे असे चमकले की मी ओळखलं, ही बाई आता आपल्याला सोडत नाही.

पुढच्या रविवारी तुझं उत्तर आलं. पुराच्या वर्षी तू सँडबॅग भरत होतीस, आणि कुठल्या नदीचं पाणी दारात आलंय हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. मी त्यावर म्हणाले, बुडताना सगळे सारखेच असतात, प्रश्न पूर ओसरल्यानंतरचा असतो. त्याच्या पुढच्या रविवारी तू आणखी काही. असं ते वर्षानुवर्षं चाललं. तुझं म्हणणं, सामावून घेत जावं. माझं म्हणणं, आम्हाला सामावून घ्यायला निघालेले फार पाहिले. आमच्या बुद्धालासुद्धा अवतार करून पोटात घालायला कमी केलं नाही कुणी. शब्दाने शब्द वाढायचा, कॉफी गार व्हायची, आणि अशोक बाहेर गाडीचा हॉर्न वाजवायचे.

सगळंच भांडण गोड नव्हतं. एकदा तुला फार लागेल असं बोलायला तू मला भाग पाडलंस. त्या आठवड्यात तुझ्याकडची दोन म्हातारी माणसं गेली होती. एका आजीपाशी बसून तू रोझरी, तिची माळेवरची प्रार्थना, म्हटलीस आणि दुसऱ्या, देवबिव न मानणाऱ्या आजोबांपाशी बसून हॉकीचे स्कोअर वाचलेस. तू हे सहज सांगत होतीस. मला मात्र राग आला. मी म्हणाले, वारा येईल तशी पाठ फिरवतेस तू. तुझं स्वतःचं काही आहे की नाही? इंग्रजीत ते मराठीपेक्षा जास्तच कडू उतरलं असणार. तू मला घरापर्यंत आणलंस. गाडी थांबवलीस, म्हणालीस, "प्लग इन युवर कार, नाहीतर इंजिन गोठेल, मायनस थर्टी होणार आहे," आणि गेलीस.

त्या आठवड्यात लेजिस्लेचरच्या पायऱ्यांवर हरवलेल्या मुलींसाठी लोक उभे राहणार होते. इथल्या मूळच्या लोकांच्या मुली. एक एक करून नाहीशा होत होत्या आणि शहराला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. तू दर वेळी जायचीस. मी तुझ्यावर रागावलेली असूनही दोन दोन मोजे चढवून आले. कारण ज्यांचं कुणी मोजत नाही त्यांच्यासाठी उभं राहायचं, हे मला तू शिकवायची गरज नव्हती. तिथे एक आई होती. तिने तुझ्या कोटाची बाही धरली आणि विचारलं, "रेव्हरंड, माझी मुलगी जिवंत आहे का?" मला वाटलं, आता तू काहीतरी गोड बोलशील. तू म्हणालीस, "आय डोन्ट नो." आणि तिच्यापाशी उभी राहिलीस. ती बसली तेव्हा बसलीस, ती रडली तेव्हा मुलीचा फोटो असलेला बोर्ड तू धरलास. आपण परत आलो तेव्हा तुझ्या पापण्यांवर बर्फ जमला होता.

आणि रविवारी तू मला उत्तर दिलंस. मरणाऱ्या माणसाच्या खोलीत बोलायचा नंबर माझा नसतो, असं म्हणालीस. ज्याचा नंबर आहे त्याचं बोलणं मी धरून ठेवते, तेवढंच माझं काम. माझं स्वतःचं काय आहे ते माझा नंबर येईल तेव्हा विचारीन.

मला ते पटलं, आणि पटलं असं मी तुला कधी सांगितलं नाही. मनात म्हणाले, कशाला डोक्यावर चढवा हिला.

माझे बाबा गेले ते फेब्रुवारीत. इथे असं वादळ की विमानतळ बंद. तिकडे नागपूरला भावाने फोन कानाशी धरून मला सगळं ऐकवलं आणि मी इथे घरच्या बेसमेंटच्या पायरीवर बसून ऐकलं. त्यांना शेवटचं पाहायला मी जाऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर फावड्याचा आवाज आला. बघते तर तू. आमच्या रस्त्यावर बर्फ काढणारा प्लाउ आलेला नव्हता, तर गाडी कोपऱ्यावर सोडून चालत आली होतीस, आणि आधी आमचा ड्राइव्ह-वे शोव्हल करत होतीस. गुडघे दुखत होते तुझे तेव्हाही. मग आत आलीस, बूट काढलेस आणि दारातच उभी राहून मला विचारलंस, "सुनंदा, मी काय करू नको ते सांग."

लोक येतात आणि विचारतात, काय करू. काय करू नको हे फक्त तूच विचारलंस. त्या गणपतीच्या जिन्यातून तू किती लांब आली होतीस, ते मला त्या क्षणी कळलं.

मी म्हणाले, "ते चांगल्या ठिकाणी गेले असं म्हणू नकोस."

"ओके."

"ते वरून बघतायत असंही नाही."

"ओके."

मग आम्ही खाली कार्पेटवर बसून त्रिसरण म्हटलं, तू आमच्याबरोबर मांडी घालायचा प्रयत्न केलास, जमलं नाही, पाय पसरून भिंतीला टेकून बसलीस. नंतर मी आपणहूनच बोलायला लागले. बाबा स्वतः काय म्हणायचे ते तुला सांगितलं. आत्मा म्हणून काही नसतं. जे होतं ते होतं, त्याचं काम झालं, आता ते कुठेच नाही, आणि त्याचं दुःख करायचं असेल तर माणूस गेला म्हणून करा, तो कुठे गेला याची काळजी करू नका. मी हे अगदी कोरड्या डोळ्यांनी सांगितलं, आणि तू मात्र ढसाढसा रडलीस. माझ्याच वडिलांसाठी मीच तुला चहा करून दिला. त्या चहाबरोबर तू आणलेला, तुझ्या आजीच्या आइसलँडी पद्धतीचा तो थराथरांचा केक होता, मध्ये सुक्या प्लमचा मुरंबा घातलेला. तुमच्यात म्हणे तो लग्नालाही करतात आणि मयतालाही. आदल्या दिवसापासून मी काही खाल्लं नव्हतं, त्या केकचा एक तुकडा तेवढा खाल्ला.

म्हणून मंगळवारी तू विचारलंस ते मला किती आतवर जाऊन लागलं, ते तुला ठाऊक असणार. तुला बघायला येणारा प्रत्येक जण काही ना काही देऊन जात होता. कुणी म्हणे प्रकाश, कुणी म्हणे परत भेटू, कुणी निसर्गात मिसळून जाशील. तू सगळ्यांना थँक यू म्हणत होतीस. आणि मग तुझा नंबर आला तेव्हा तू मला विचारलंस. कारण तुला ठाऊक होतं, ही खोटं बोलणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी डगचा फोन आला. चर्चच्या बोर्डाचा प्रेसिडेंट तो, तू त्याला कायम 'पुअर डग' म्हणायचीस. पुढच्या शनिवारी तुझी मेमोरियल सर्व्हिस आहे. तो बिचारा रडत होता. म्हणाला, सुनंदा, तू एखादं बुद्धिस्ट ब्लेसिंग देशील का, समथिंग अबाउट हर स्पिरिट मूव्हिंग ऑन. मी म्हणाले, विचार करून सांगते. अशोक म्हणाले, "तू काय विचार करून राहिली? म्हन ना काहीतरी. मयत घर आहे ते, तिथं कशाला आपलं तत्त्वज्ञान?" सुजाता टोरांटोहून फोनवर म्हणाली, "आई, जस्ट से समथिंग नाइस. इट्स फॉर द पीपल, नॉट फॉर हर." शहाणी आहे माझी मुलगी. पण तू मला जे विचारलं होतंस ते तुझ्यासाठी विचारलं होतंस, लोकांसाठी नाही.

आज चर्चमध्ये पल्पिट रिकामं होतं. वर्ना, तुझ्या क्वायरमध्ये गाणारी, तिने दोन-तीन उतारे वाचले. मेणबत्त्या लावल्या गेल्या, नेहमीसारख्या, ज्याला काही आनंद किंवा दुःख सांगायचं असेल त्याने पुढे येऊन लावायची ती. आज सगळ्या तुझ्याच नावाच्या. वाळूच्या ट्रेमध्ये जागा उरली नाही. मग डग उठला आणि म्हणाला, आज प्रवचन नाही, तेव्हा टॉकबॅकही नाही. आणि मी पाहिलं तर माइक कुणीतरी सवयीने मधोमध आणून ठेवलेला होता.

मी उठले. तुझी खुर्ची समोरच होती. मी त्यांना सांगितलं की मंगळवारी सिग्रिडने मला एक प्रश्न विचारला आणि मी रविवारची मुदत मागून घेतली. प्रश्न काय होता तेही सांगितलं. मग म्हणाले, "माझं उत्तर हो असं आहे. माझ्या वडिलांबद्दल जे म्हणाले तेच सिग्रिडबद्दल म्हणेन. ती कुठेही गेलेली नाही. ती आता नाही."

मागून कुणाचा तरी हुंदका आला. मला वाटलं, झालं, मी या माणसांचं दुःख नासवलं. तेवढ्यात वर्ना ताडकन उठली, माइकपाशी आली, माझ्या हातातून तो घेतला आणि म्हणाली, "वेल, आय डिसअग्री. ती आत्ता या खोलीत आहे आणि सुनंदाला काय वाटतं याची मला पर्वा नाही." टाळ्या पडल्या. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, सुनंदाचं बरोबर आहे, आणि बरोबर आहे म्हणूनच मला घरी जावंसं वाटत नाही. मग तिसरं कुणीतरी. कुणी रडत होतं, कुणी चिडलं होतं, पोरं डोनट खात होती, आणि कॉफीकडे कुणी फिरकलं नाही. तुझं चर्च, सिग्रिड, तुझ्या मरणावर कचाकचा भांडत होतं. वर्नाने शेवटी मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "यू आर रॉंग, यू नो." मी म्हणाले, "आय नो यू थिंक सो."

बाहेर पडताना डगने घाबरतच विचारलं, शनिवारी बोलशील ना? मी म्हणाले, बोलेन, पण हेच. तो म्हणाला, "सिग्रिडला हेच हवं असणार." त्याच्या बोलण्याशी मी पहिल्यांदाच सहमत झाले.

तर हे तुझं उत्तर. दिलं मी. आणि आता जे माइकवर सांगितलं नाही ते तुला एकटीला सांगते.

मंगळवारी उत्तर माझ्याजवळ तयार होतं. मला आठवड्याचा विचार नको होता, पाच मिनिटांचाही नको होता. मुदत मागितली ती रविवार यावा म्हणून, आणि तो आला की त्यात तू असशील म्हणून. तुझाच नियम तुझ्या पायात अडकवून तुला पाच दिवस थांबवून धरता आलं तर बघावं, एवढा माझा वेडगळ विचार होता. बाबांच्या वेळी मी कोरड्या डोळ्यांनी बोलले, कारण ते स्वतःच मला शिकवून गेले होते आणि मी फक्त त्यांचं बोलणं पाठ म्हणून दाखवत होते. तुझ्या वेळी ते वाक्य पहिल्यांदा माझं स्वतःचं झालं. तू नाहीस. किती भयंकर वाक्य आहे हे. तू त्या दिवशी का रडलीस ते मला आज समजलं, आणि ते तुला सांगायला तू नाहीस.

उत्तर मी बदलणार नाही. बदललं तर तुलाच आवडणार नाही. पण सिग्रिड, आपल्या एवढ्या भांडणांत मी एकदाही हरायला तयार झाले नव्हते. आज आहे. पुढच्या रविवारी ये आणि मला खोटं ठरव.

तुझी,
सुनंदा